टॅबच्या पुस्तकांतून क्लासिक रॉक शिकताना

गेली चार वर्षे माझ्या स्टँडवर टॅबची, म्हणजे गिटारवर बोट कुठे ठेवायचे हे आकड्यांनी दाखवणाऱ्या लेखनाची, तीन पुस्तके आलटून पालटून उघडी असतात. पहिले म्हणजे साठ आणि सत्तरच्या दशकांतल्या निरनिराळ्या बँडच्या गाण्यांचा जाडजूड संग्रह. त्यात प्रत्येक गाण्याचे गिटारवादन पाश्चात्त्य स्वरलिपी आणि टॅब अशा दोन्ही पद्धतींनी एकाखाली एक छापलेले आहे. दुसरे एकाच बँडच्या एकाच अल्बमचे पुस्तक आहे आणि त्यात रेकॉर्डवर ऐकू येणारी प्रत्येक गिटार स्वतंत्र ओळीत लिहिली आहे. तिसरे अगदी पातळ आहे, मुखपृष्ठावरच ते ‘सोपे’ असल्याचे म्हटले आहे आणि आत सहा रेघा व त्यांवरचे आकडे यांखेरीज काहीही नाही. तिन्हींची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण त्यांच्यातले गुणदोष एकेका पुस्तकाचे नसून त्या त्या जातीच्या पुस्तकांचे आहेत, आणि शिकणाऱ्याला कोणत्या ना कोणत्या नावाखाली याच तीन जातींची पुस्तके भेटत राहतात.

माझे मत आधीच सांगून टाकतो. स्वरलिपी आणि टॅब दोन्ही असलेले जाड पुस्तक घ्यावे, अल्बमचे पुस्तक वर्षा-दोन वर्षांनी घ्यावे आणि नुसत्या आकड्यांचे पातळ पुस्तक घेऊ नये. या मतापर्यंत मी बऱ्याच चुकांतून आणि बऱ्याच आनंदातून आलो आहे, म्हणून ते जरा सविस्तर मांडतो.

टॅबची पद्धत समजायला दहा मिनिटे पुरतात. सहा रेघा म्हणजे सहा तारा, रेघेवरचा आकडा म्हणजे त्या तारेवर दाबायचा फ्रेट (गिटारच्या मानेवर आडव्या पट्ट्यांनी पाडलेले घर), शून्य म्हणजे मोकळी तार, एकाखाली एक आलेले आकडे म्हणजे एकाच वेळी वाजवायचे सूर. एकच गोष्ट सुरुवातीला हमखास चकवते. गिटार मांडीवर घेऊन खाली पाहिले की जाड तार डोळ्यांना सर्वांत जवळ दिसते. कागदावर मात्र सर्वांत वरची रेघ सर्वांत बारीक, म्हणजे पहिल्या, तारेची असते. वर म्हणजे उंच सूर, असा कागदाचा नियम आहे आणि तो एकदा मनात बसला की पुन्हा गोंधळ होत नाही.

ही पद्धत रॉक संगीताबरोबर जन्मली असे अनेकांना वाटते, पण ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्यासाठी ती पाचशे वर्षांपूर्वीच वापरात होती. व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची याने १५०७ मध्ये फ्रांचेस्को स्पिनाचिनो या वादकाच्या रचना अशाच रेघा आणि आकड्यांत छापल्या होत्या. त्या इटालियन पद्धतीत रेघांचा क्रम आजच्या उलट होता, म्हणजे वरची रेघ खालच्या सुराच्या तारेची होती. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच आहे. त्या छपाईत रेघांच्या वर काळाच्या खुणा असत. कोणता सूर किती वेळ टिकवायचा हे त्या खुणांवरून कळे. बोट कुठे ठेवायचे आणि ते केव्हा ठेवायचे या दोन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय संगीत कागदावर उतरत नाही, हे तेव्हाच्या मुद्रकाला ठाऊक होते. आजच्या ‘सोप्या’ पुस्तकाने यातली दुसरी गोष्ट काढून टाकली आणि त्यालाच सोपेपणा म्हटले.

एसी/डीसी या बँडच्या १९८० सालच्या ‘बॅक इन ब्लॅक’चे उदाहरण घ्या. त्याच्या मुख्य रिफमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यात, ई, डी आणि ए या पाश्चात्त्य सुरांचे तीन कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट) आहेत आणि ते कोणालाही आठवडाभरात पकडता येतील. पण त्या रिफचा सारा जोर कॉर्डमध्ये नसून दोन कॉर्डमधल्या शांततेत आहे. कॉर्डचा एक तडाखा बसतो, तारा लगेच दाबून बंद होतात, ड्रमचा ठेका एकटाच पुढे जातो आणि मग पुढचा तडाखा येतो. पातळ पुस्तकात या जागी मला आकड्यांचे तीन उभे गठ्ठे आणि त्यांच्यामध्ये थोडी कोरी जागा दिसली. ती कोरी जागा अर्ध्या मात्रेची आहे की दीड मात्रेची, तार बंद करायची आहे की घुमू द्यायची आहे, यांतले काहीच त्या पानावरून कळत नव्हते. जाड पुस्तकात त्याच प्रकारच्या रिफवर वरच्या स्वरलिपीत विश्रांतीच्या खुणा स्पष्ट छापलेल्या असतात, आणि ज्याला स्वरलिपीतले सूर वाचता येत नाहीत त्यालाही तेवढ्या खुणा दोन-तीन दिवसांत ओळखता येतात. म्हणूनच ‘मला स्वरलिपी येत नाही, मग नुसत्या टॅबचे पुस्तक बरे’ असे म्हणणाऱ्याला मी नेहमी आग्रहाने अडवतो. सुरांची नावे वाचता आली नाहीत तरी चालेल. पाव मात्रा, अर्धी मात्रा, पूर्ण मात्रा आणि विश्रांती एवढी चार-पाच चिन्हे ओळखली की वरची ओळ लय सांगते, खालची ओळ जागा सांगते, आणि दोन्ही मिळून वादन पुरे होते.

पिंक फ्लॉइडच्या १९७३ सालच्या ‘मनी’मध्ये तर याशिवाय गत्यंतरच नाही, कारण त्याची सुरुवातीची रिफ सात मात्रांची आहे आणि गिटारचा सोलो, म्हणजे तिचा एकटीचा भाग, येतो तेव्हा गाणे चार मात्रांवर उतरते. नुसते आकडे पाहून वाजवणारा कुठेतरी एक मात्रा आपल्या पदरची घालतो आणि ती का जास्त झाली हे त्याला सापडत नाही.

आता टॅबचा जो खरा गुण आहे, त्याकडे वळतो. गिटारवर एकच सूर अनेक ठिकाणी मिळतो. सर्वांत बारीक तार मोकळी छेडली की जो ई वाजतो, तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसऱ्या तारेच्या नवव्या आणि चौथ्या तारेच्या चौदाव्या फ्रेटवरही वाजतो. स्वरलिपीत या चारही जागांसाठी एकच ठिपका असतो. सूर तोच असला तरी नाद तोच नसतो. मोकळ्या तारेचा ई लख्ख वाजतो आणि चौथ्या तारेवरचा भरीव व किंचित घोगरा. रॉक गिटारमध्ये हा फरक म्हणजेच अर्धे गाणे असते, आणि तो फक्त टॅबच सांगू शकतो.

हे मला प्रथम उमगले ते डीप पर्पलच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’मुळे. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रू येथे डिसेंबर १९७१ मध्ये कसिनोला लागलेल्या आगीवर हे गाणे आहे आणि ते १९७२ च्या ‘मशीन हेड’ या अल्बममध्ये आले. नव्याने शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याची रिफ एकाच जाड तारेवर वाजवतो; मीही वर्षभर तशीच वाजवत होतो. सूर बरोबर असत, तरी रेकॉर्डवरचा भारदस्तपणा येत नसे, आणि त्याचा दोष मी बिचाऱ्या ॲम्प्लिफायरला देत असे. संग्रहातले पान उघडले तेव्हा दिसले की आकडे दोन रेघांवर जोडीने छापलेले आहेत: चौथी आणि तिसरी तार, आधी दोन्ही मोकळ्या, मग दोन्ही तिसऱ्या फ्रेटवर, मग दोन्ही पाचव्यावर. म्हणजे रिफ एकेका सुराची नसून ‘फोर्थ’च्या, म्हणजे सा ते म इतक्या, अंतरावरच्या दोन सुरांची आहे. पान पाहून मी ती तशी वाजवली आणि तिचे वजन पहिल्याच फेरीत बदलले. तरीही काहीतरी उरत होते. पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पट्टीने, दोन तारा छेडताना एक तार किंचित आधी आणि दुसरी किंचित नंतर वाजते. डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर ही रिफ पिकने न वाजवता बोटांनी दोन्ही तारा एकदम उचलून वाजवतो. अंगठा चौथ्या तारेखाली आणि तर्जनी तिसऱ्या तारेखाली घालून दोन्ही एकाच क्षणी सोडल्या, तेव्हा तो आवाज घरात पहिल्यांदा उमटला. फ्रेट पुस्तकाने बरोबर दिले होते, उजव्या हाताबद्दल मात्र त्यात एक अक्षर नव्हते.

डाव्या हाताच्या बोटांबाबतही हीच उणीव आहे. लेड झेपेलिनच्या १९७१ सालच्या ‘स्टेअरवे टू हेवन’ची सुरुवात पाहा. चौथ्या तारेवर खालचा सूर सातव्या फ्रेटवरून सहाव्या, पाचव्या, चौथ्या आणि तिसऱ्या फ्रेटवर असा अर्ध्या-अर्ध्या सुराने उतरत जातो, आणि त्याच वेळी सर्वांत बारीक तारेवरचा सूर पाचव्यावरून सातव्या व आठव्या फ्रेटवर चढतो. एक ओळ उतरते आहे आणि दुसरी चढते आहे, हे कागदावर इतके सुंदर दिसते की मी कितीतरी वेळ ते पान नुसते पाहत बसलो होतो. कानाला जे गूढ वाटत होते, त्याची रचना टॅबच्या चार इंच जागेत उघडी पडली होती. पण कोणत्या आकड्यावर कोणते बोट, हे तिथे छापलेले नाही. मी पहिल्या जागी चौथ्या तारेवर करंगळी ठेवली. पुढच्याच जागी बारीक तारेच्या सातव्या फ्रेटसाठी करंगळी हवी होती आणि ती आधीच गुंतलेली. दर वेळी त्या ठिकाणी सूर तुटायचा. तर्जनी पाचव्या फ्रेटवर आडवी, अनामिका चौथ्या तारेच्या सातव्यावर, मग सहाव्यावर मधले बोट आणि त्याच वेळी वर करंगळी, अशी मांडणी केल्यावर दोन्ही ओळी एकमेकींना न अडवता वाहू लागल्या. हे शोधायला मला तीन संध्याकाळी लागल्या. आकड्यांखाली १, ३, २, ४ असे बारीक बोटांचे क्रमांक छापले असते, तर त्या वाचल्या असत्या. शास्त्रीय गिटारच्या पुस्तकांत ते छापतात, मग रॉकच्या पुस्तकांनी हा कंटाळा का करावा हे मला कळत नाही.

जिमी हेंड्रिक्सच्या गाण्यांत तर बोटांची मांडणी हेच वादन आहे. तो सहाव्या तारेवरचा खालचा सूर गिटारच्या मानेवरून अंगठा वळवून दाबत असे, आणि त्यामुळे मोकळी राहिलेली बोटे वरच्या तारांवर लहान लहान हरकती घेत असत. टॅबमधले आकडे पाहून ज्याने तर्जनी सहाही तारांवर आडवी टाकली, त्याला त्या हरकती अशक्य वाटतात, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते. काही चांगल्या पुस्तकांत अशा जागी अंगठ्याची खूण केलेली असते. माझ्या अल्बमच्या पुस्तकात ती पद्धत पाळली आहे, संग्रहात नाही.

बेंडबद्दल थोडे थांबून लिहावेसे वाटते, कारण रॉक गिटारचा गळा म्हणजे बेंड. तार दाबून आडवी ओढायची आणि सूर वर चढवायचा; आपल्याकडच्या मींडेशी तिचे नाते ऐकणाऱ्याला लगेच जाणवते. टॅबमध्ये यासाठी वर वळलेला बाण आणि त्याच्या टोकाशी ‘पूर्ण’, अर्धा किंवा पाव असे माप दिलेले असते. पूर्ण म्हणजे दोन फ्रेटइतकी चढण, अर्धा म्हणजे एका फ्रेटइतकी, आणि पाव म्हणजे ब्लूजमध्ये येते तशी सुराला जेमतेम धार लावणारी ओढ. माप अचूक असते, पण ते डोळ्यांना सांगितलेले असते आणि पाळायचे असते कानाने. दुसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवर जी वाजतो. तिथे पूर्ण बेंड छापलेला असेल, तर सूर ए वर पोहोचला पाहिजे, आणि तो ए पहिल्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर तयारच असतो. मी आधी पाचवा फ्रेट छेडतो, तो सूर मनात धरतो, मग आठव्यावर अनामिका ठेवून तिच्या मागे मधले बोट आणि तर्जनी आधाराला लावतो आणि तिन्ही बोटांनी तार वर ढकलतो. पहिले काही महिने सूर नेहमी किंचित खालीच राहत असे. एकट्याने वाजवताना ते जाणवत नाही. रेकॉर्डबरोबर वाजवले की लगेच खटकते. बाणाला कुठून निघायचे आणि कुठे पोहोचायचे एवढेच सांगता येते. किती सावकाश चढायचे, वर पोहोचल्यावर सूर किती हलवायचा, उतरताना तार बंद करायची की नाही, हे सर्व वादकाच्या हातात असते. पिंक फ्लॉइडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मर याचे सोलो कागदावर फार थोड्या सुरांचे दिसतात आणि वाजवायला घेतले की महिने जातात, त्याचे कारण हेच आहे.

आता तक्रारीची गोष्ट सांगतो. ‘लिटल विंग’ हे हेंड्रिक्सचे १९६७ सालचे गाणे गिटार अर्धा सूर खाली लावून वाजवलेले आहे. टॅबच्या पानावर अशी सूचना गाण्याच्या अगदी वर, डाव्या कोपऱ्यात असते आणि कॅपोची (मानेवर लावून सर्व तारा एका फ्रेटवर दाबून धरणाऱ्या चिमट्याची) किंवा वेगळ्या ट्यूनिंगची, म्हणजे तारा वेगळ्या सुरांत लावण्याची, सूचनाही तिथेच असते. माझ्या संग्रहात या गाण्यावर ती सूचना छापायचीच राहून गेली होती. मी गिटार नेहमीसारखी लावली, पानावरचे आकडे चोख वाजवले आणि रेकॉर्ड सुरू केली, तर पहिल्या कॉर्डपासून दोन्ही आवाज एकमेकांना टोचत होते. ट्यूनर सांगत होता की तारा बरोबर आहेत. मी तारा नव्या घातल्या, पुन्हा लावल्या, पुन्हा वाजवले. दोन आठवडे मी असे धरून चाललो होतो की माझाच कान बिघडला आहे. शेवटी माझ्यापेक्षा पुष्कळ वर्षे वाजवणाऱ्या एका मित्राने रेकॉर्डचा पहिला कॉर्ड ऐकला, तो ई मायनर नसून ई फ्लॅट मायनर आहे असे सांगितले आणि माझ्या सहाही तारा एकेक करून अर्धा सूर उतरवल्या. त्यानंतर पानावरचा प्रत्येक आकडा रेकॉर्डशी जुळला. एका ओळीच्या गाळलेल्या सूचनेमुळे शिकणाऱ्याचा स्वतःच्या कानावरचा विश्वास डळमळतो, म्हणून ही चूक मला छपाईच्या इतर सर्व चुकांपेक्षा गंभीर वाटते.

ट्यूनिंगची सूचना किती मोलाची असते, हे रोलिंग स्टोन्सच्या गाण्यांवरूनही कळते. कीथ रिचर्ड्सने ‘ब्राउन शुगर’ आणि ‘स्टार्ट मी अप’सारख्या गाण्यांत सहावी तार काढून उरलेल्या पाच तारा जी, डी, जी, बी, डी अशा लावल्या आहेत. त्या ट्यूनिंगमध्ये तर्जनी आडवी टाकली की मेजर कॉर्ड तयार होतो आणि दोन बोटे टेकवून उचलली की रिफ बोलू लागते. हीच गाणी नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये बसवून छापणारी पुस्तके शिकणाऱ्यावर उपकार करत नाहीत; हात वाकडेतिकडे होतात आणि आवाजही निराळाच निघतो. माझ्या संग्रहाने या बाबतीत मूळ ट्यूनिंग दिले आहे, त्याबद्दल मी त्याला मनापासून गुण देतो. कॅपोचेही तसेच आहे. बीटल्सच्या १९६९ सालच्या ‘हिअर कम्स द सन’मध्ये सातव्या फ्रेटवर कॅपो लावून डी मेजरचा आकार धरतात आणि ऐकू येतो ए मेजर. अशा पानावर टॅबमधले शून्य म्हणजे मोकळी तार नसून कॅपोची जागा असते, आणि कॉर्डची नावे कधी कधी दोनदा, एकदा ऐकू येणारी आणि एकदा कंसात हाताने धरायची, अशी दिलेली असतात. पुस्तकाच्या शेवटी चिन्हांचे जे पान असते त्यात हे समजावलेले असते. ते पान गाण्यांआधी वाचावे.

संग्रह आणि अल्बमचे पुस्तक यांतला फरक सर्वांत ठळक दिसतो तो एकाहून अधिक गिटार असलेल्या गाण्यांत. ईगल्सच्या १९७६ सालच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या शेवटी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श आधी आळीपाळीने वाजवतात आणि मग दोघांच्या गिटार एकमेकींना धरून, वेगवेगळ्या सुरांवर, एकाच चालीने उतरत जातात. संग्रहात जागा वाचवण्यासाठी त्या दोन ओळींची एक केली आहे, आणि कुठल्या मापापासून, म्हणजे मात्रांच्या कुठल्या घरापासून, कोणाची गिटार ऐकायची हे कळेनासे झाले आहे. एकट्याने घरी वाजवणाऱ्याला अशी एकत्र केलेली मांडणी सोयीची वाटेल हे मला मान्य आहे; पण ती मांडणी आहे, मूळ वादन नाही, हे पानावर लिहायला हवे होते. अल्बमच्या पुस्तकात अशा जागी पहिली गिटार आणि दुसरी गिटार स्वतंत्र ओळींत आहेत. दोन गिटारवादक मिळून शिकत असतील तर त्यांना त्याच्याइतके चांगले पुस्तक सापडणार नाही. मात्र नवख्याच्या हातात ते देऊ नये. एका गाण्याची वीस-पंचवीस पाने, एकेका पानावर तीन-तीन गिटार आणि पुढे-मागे उड्या मारायला लावणाऱ्या पुनरावृत्तीच्या खुणा पाहून नवखा माणूस पहिल्याच आठवड्यात पुस्तक मिटून ठेवील.

कागद, छपाई आणि बांधणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. संग्रहाची चिकटवलेली बांधणी स्टँडवर पुस्तक उघडे राहू देत नाही आणि दोन्ही हात गुंतलेले असताना पान मिटले की चिडायला होते. तारेच्या वेटोळ्याची बांधणी असेल तर तीच निवडावी. सोलोच्या मध्यावर पान उलटावे लागणे हा दोष तिन्ही पुस्तकांत आहे. तेवढी दोन पाने मी हाताने उतरवून शेजारी लावतो, आणि उतरवता उतरवता सोलो अर्धा पाठही होतो.

फुकट टॅब इंटरनेटवर असताना पुस्तक कशाला, असे मला अनेकदा विचारले जाते. हौशी वादकांनी कानाने ऐकून लिहिलेले टॅब १९९२ पासून ‘ऑनलाइन गिटार अर्काइव्ह’वर जमा होत होते, संगीत प्रकाशकांच्या कायदेशीर आक्षेपांनंतर २००६ मध्ये तो संग्रह बंद पडला, तरी तशा टॅबची परंपरा थांबलेली नाही. त्या लोकांच्या कष्टांविषयी मला आदर आहे आणि काही टॅब छापील पुस्तकांहूनही अचूक असतात. पण साध्या अक्षरांत टंकलेल्या त्या टॅबमध्ये लय बहुधा नसते, आणि एकाच गाण्याच्या पाच प्रतींपैकी बरोबर कोणती हे ठरवायला जो तयार कान लागतो, तो नवख्याकडे नसतो. स्वरलिपी असलेल्या पुस्तकात निदान सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे पूर्ण गाणे एकाच हाताने लिहिलेले आणि लयीसह मिळते.

तरी पुस्तक उघडण्याआधी गाणे ऐकले पाहिजे, आणि हे मी केवळ रीत म्हणून सांगत नाही. सुरुवातीला मी पान उघडून पहिल्या मापापासून आकडे वाजवत जात असे. तशा पद्धतीने शिकलेली गाणी पुस्तक मिटले की हातातून जात, कारण माझ्याकडे आकडे होते, चाल नव्हती. आता मी आधी आठवडाभर गाणे ऐकतो, रिफ तोंडाने गुणगुणता येईपर्यंत ऐकतो, मग गिटारवर स्वतः शोधतो आणि अडलो की मगच पान उघडतो. दहांपैकी सहा-सात जागा कानाने सापडतात. उरलेल्या तीन-चार जागी, जिथे सूर कळतो पण तार कळत नाही किंवा दोन सूर एकत्र वाजत असल्याची नुसती शंका येते, तिथे टॅब जे देतो ते दुसरे कोणीही देऊ शकत नाही. अशा वेळी सापडलेला आकडा पुन्हा विसरत नाही. अवघड सोलो मी आवाजाची पट्टी न बदलता वेग अर्ध्यावर आणणाऱ्या ॲपवर ऐकतो. पूर्वी काही रेकॉर्ड प्लेयरवर सोळाचा वेग असे आणि तेहतीसची रेकॉर्ड त्यावर लावली की सोलो अर्ध्या वेगाने, पण एक सप्तक खाली ऐकू येई. त्या वेळच्या वादकांनी तेवढ्यावर केवढे मिळवले हे आठवले की हातातल्या सोयींची किंमत कळते. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारे यंत्र, मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवून चार मापे बिनचूक झाली की पाचाने वाढवायचा, आणि चुकलो तर दहाने खाली आणायचा, एवढीच शिस्त मी पाळतो.

पुस्तक निवडताना मी आता एकच कसोटी लावतो. ज्या गाण्याचा कणन् कण मला कानाने पाठ आहे ते गाणे अनुक्रमणिकेत शोधतो आणि ते पान उघडतो. डाव्या कोपऱ्यात ट्यूनिंग किंवा कॅपोची सूचना आहे का, टॅबवर स्वरलिपीची ओळ आहे का, गिटार दोन असतील तर त्या वेगळ्या लिहिल्या आहेत का आणि बेंडच्या बाणांवर माप आहे का, एवढे पाहायला पाच मिनिटे लागतात. पातळ पुस्तक या कसोटीला पहिल्याच पानावर उतरले नसते. जाड संग्रह चारांपैकी दोन ठिकाणी पुरा उतरला असता आणि दोन ठिकाणी अर्धा, आणि तरीही मी तो पुन्हा घेतला असता. फक्त घरी आणल्या दिवशीच ‘लिटल विंग’च्या पानावर डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले असते, सर्व तारा अर्धा सूर खाली.